बिनचुलीचं शिकरण

वसईतल्या गिरीजच्या त्या आळीत बारसं असो, लग्न असो, इनेझला स्वयंपाकाला हात लावायला कोणी बोलावत नसे. खोटं कशाला सांगा, तिच्या हाताला चव बेताचीच. तिच्या मटणाच्या रश्शाला तिचा नवरा एडवर्ड पन्नास वर्षांत "बरं आहे" यापलीकडे गेला नाही. पण एक पदार्थ असा होता, की तो त्या घराण्यात फक्त इनेझनेच करायचा. आणि तो करायला विस्तव लागत नसे.

त्या घराण्याची रीतच तशी होती. घरात मयत झालं की चूल पेटवायची नाही. दफन करून माणसं परत येईपर्यंत चहाचं आधणसुद्धा ठेवायचं नाही. आळीतल्या इतर घरांत अशा वेळी शेजारपाजारचे पेज आणून देत. या घरात मात्र थोरल्या सुनेने शिकरण करायचं. दुधाचं नव्हे, नारळाच्या रसातलं. पिकलेली वेलची केळी हाताने कुस्करायची, नारळ खवून, पाणी घालून, पिळून त्याचा रस काढायचा, गूळ बारीक चिरून त्यात विरघळवायचा, चिमूटभर मीठ. झालं. वेलदोड्याची पूड घालायची नाही. "मयताच्या घरी सुवास कसला करता?" असं सासू फ्लॉसी म्हणायची, आणि फ्लॉसी म्हणाली म्हणजे विषय संपला.

खरी गंमत पुढे होती. ज्याचं माणूस गेलं त्याला पहिला चमचा थोरलीच्या हातून. पण तो चमचा तोंडात घालण्याआधी त्याने तीन प्रश्न विचारायचे. केळी कुठली? वाडीची. नारळ कुठला? वाडीचा. पाणी कुठलं? घरचं. मग खायचं. त्याने खाल्लं की सगळ्यांनी खायचं, आणि मग चूल पेटवायची. घरातल्या घरात कोणाचं कोणाशी वाकडं असेल तर ते त्या चमच्याबरोबर गिळून टाकायचं, नंतर उकरून काढायचं नाही. "हे पोट भरायला नसतं गो," फ्लॉसी सांगायची, "तोंडातलं कडू काढायला असतं."

इनेझ लग्न होऊन आली त्याच वर्षी आजेसासरे वारले आणि एकवीस वर्षांच्या त्या पोरीने पहिल्यांदा ते शिकरण केलं. गुळाचे खडे तसेच राहिले. तरी फ्लॉसीने ते मुकाट्याने खाल्लं. पुढे सासऱ्यांच्या वेळी केलं. मग फ्लॉसीच्या स्वतःच्या वेळी केलं, त्यालाही आता वीस वर्षं झाली. एवढंच. तीन वेळा. पण माणसाची लायकी काही रोजच्या भाकरीवरच ठरत नाही. आळीत इनेझला मान होता तो या तीन टोपांमुळे.

धाकटी जाऊ कार्मिन तिच्यानंतर सहा वर्षांनी घरात आली. एडवर्डचा धाकटा भाऊ जॅक्सन, त्याची ती बायको. दोन भावांची दोन घरं, मध्ये एक वाडी आणि वाडीच्या मध्यावर बावखल. ज्यांनी वसईची बावखलं पाहिली नाहीत त्यांना ते डबकं वाटेल. पण पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारं ते तळं म्हणजे वाडीचा जीव. त्याच्यावर केळी जगत, पानवेली जगत, आणि आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहत. समुद्र काही लांब नाही. गोडं पाणी हटलं की खारं पाणी आत यायला टपलेलंच असतं.

या बावखलाच्या पायरीवर दोघी जावा कपडे धूत, भाजी धूत आणि सासूची उणीदुणी काढत. कार्मिनचं बोलणं तिखट, इनेझचं हसणं मोठं. कार्मिनला बाळंतपणात ताप भरला तेव्हा इनेझने तिच्या डायनाला स्वतःच्या लेस्टरबरोबर अंगावर पाजलं. सख्ख्या बहिणींनी हेवा करावा असं ते सूत होतं.

मग बारा वर्षांपूर्वी लेस्टरला बंगला हवासा वाटला.

हवासा वाटला यात त्याचं काही चुकलं नाही. नोकरी चांगली, लग्न ठरलेलं, आणि जुन्या कौलारू घरात बायकोला आणायची त्याला लाज वाटत होती. बंगल्याला जागा हवी, गाडीला रस्ता हवा. दोन्ही बसायचं तर एकच वाट होती, बावखलाचा आपल्या बाजूचा अर्धा भाग बुजवायचा. जॅक्सन ते ऐकून भावाच्या अंगणात आला आणि म्हणाला, "बावखल काय भाकरी आहे, अर्धी मोडायला? तू तुझा तुकडा बुजवशील आणि माझ्या तुकड्यात पाणी राहील, असं वाटतं तुला?"

एडवर्ड संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हा माणूस आयुष्यभर असाच, दारात उभा राहून विचारणारा. म्हणाला, "जॅक्सन बोलतो ते खरंच आहे. तू काय म्हणतेस?"

इनेझ तांदूळ निवडत होती. तिला ठाऊक होतं. चाळीसेक पावसाळे त्या मातीत काढलेल्या बाईला पाण्याचं शास्त्र कोणी शिकवायला नको. ती "नको" म्हणाली असती तर एडवर्डने दुसऱ्या दिवशी लेस्टरला "आईचं मन नाही" असं सांगून सुटका करून घेतली असती. पण लेस्टर एकुलता एक. बंगला झाला नाही तर नालासोपाऱ्याला फ्लॅट घेतो म्हणाला होता. सून-नातवंडं डोळ्यांसमोर राहावीत म्हणून ती मान वर न करता म्हणाली, "पोराला घर तर पाहिजे ना."

एवढंच बोलली. पाच शब्द. ते दोघांखेरीज कोणी ऐकले नाहीत. तीन दिवस डंपर आले, तोडलेल्या बिल्डिंगींचा राबिट टाकून गेले, आणि आळीने सगळा दोष एडवर्डच्या माथी मारला. इनेझने तो तिथेच राहू दिला. काठी मारल्याने पाणी तुटत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती म्हण करणाऱ्याने डंपर पाहिला नव्हता.

पुढच्याच उन्हाळ्यात उरलेल्या अर्ध्या बावखलाचा तळ दिसला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जॅक्सनच्या विहिरीचं पाणी जिभेला मचूळ लागलं. केळीची पानं कडेने करपत आत गेली. जॅक्सनने टँकर मागवून दोन वर्षं झाडं जगवून पाहिली, मग हात टेकले. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर ते मिटलं तरी असतं. जॅक्सनने फक्त बोलणं सोडलं, आणि कार्मिनने दोन घरांमधल्या वईच्या कुंपणाला असलेली फट नारळाच्या झावळ्यांनी बुजवली. डायनाच्या लग्नाची पत्रिका आली नाही. इनेझने बँडचा आवाज खिडकीतून ऐकला.

आणि ज्या लेस्टरसाठी हे सगळं झालं, तो बंगल्यात चार वर्षं राहिला. मग बायको-मुलांना घेऊन कॅनडाला गेला. वरच्या मजल्याला कुलूप, खाली दोन म्हातारी माणसं, आणि बावखलाच्या जागी तांबडे-करडे पेव्हर ब्लॉक. मे महिन्यात त्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. अशा घराला बंगला म्हणायचं तर म्हणा.

जॅक्सन वर्षभर आजारी होता. इनेझला कळत होतं. रात्री त्याच्या खोकण्याचा आवाज यायचा. दोनदा ती डब्यात काहीबाही भरून फाटकापर्यंत गेली आणि कडीला हात न लावता परत आली. काय सांगणार होती? सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते पाच शब्द बारा वर्षांत तिने कोणाला सांगितले नव्हते. नंतर सांगू, सणाला सांगू, तो बरा झाला की सांगू. माणूस स्वतःला मुदतवाढ देण्यात भारी उदार असतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, चर्चची घंटा संथ वाजली. एडवर्ड व्हरांड्यात खुर्चीत होता. तो उठला नाही. म्हणाला, "गेला वाटतं." आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पेव्हर ब्लॉककडे बघत राहिला.

इनेझने आधी गॅसचा नॉब बंद केला. चहा अर्धा उकळला होता, तो तसाच ओतून टाकला. मग पदर खोचला. आज शिकरण करायचं, ते घेऊन कार्मिनकडे जायचं, तिने पहिला चमचा घेतला की तिच्या कानाशी सांगायचं, "तो एडवर्ड नव्हता गो, मी होते." रीत आपल्या बाजूने होती. शिकरण खाल्ल्यावर राग धरता येत नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला त्या घरात शिरायला दार सापडलं होतं, मग ते मयताचं दार का असेना.

केळी होती. घरामागे मोरीच्या पाण्यावर तिने एक बेट जगवून ठेवलं होतं, फ्लॉसीने लावलेल्या वेलचीच्याच मुनव्यांपासून वाढवलेलं. चार दिवसांपूर्वी उतरवलेला घड कोठीत टांगला होता. वरच्या दोन फण्या पिवळ्या झाल्या होत्या, खालच्या अजून हिरव्याच. तिने एकेक केळं दाबून, हुंगून निवडलं. नारळ परसातल्या माडाचा होता. तो सोलायला मात्र एडवर्डला उठावं लागलं. म्हाताऱ्याने पहार रोवून नारळ सोलला, पण भावाच्या घरी जायचं नाव काढलं नाही.

ती खवणीवर बसली. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, एक नारळ खवायला अर्धा तास लागला. कॅनडाहून सुनेचा फोन आला. बातमी ऐकून सून म्हणाली, "मम्मी, मिक्सरमध्ये फिरवा ना, मिक्सरला कुठे आग असते?" बोलणं चुकीचं नव्हतं. फ्लॉसीने मिक्सरबद्दल काही सांगून ठेवलं नव्हतं. पण इनेझने खवलेला चव परातीत घेतला, ओट्याखालच्या जारमधून तांब्याभर पाणी काढून त्यावर शिंपडलं, आणि हातानेच मळून, धुवट फडक्यात घालून पिळला. दाट पांढरा रस निघाला. दुसऱ्यांदा पाणी घालून पुन्हा पिळला. केळी कुस्करली. या खेपेला गुळाचा एकही खडा राहू दिला नाही. चव मात्र घेतली नाही, कारण पहिला चमचा दुसऱ्याचा. टोपावर केळीचं पान बांधलं आणि तो कोठीत गार जागी ठेवला.

चार वाजता दफन झालं. एडवर्ड सिमेटरीत आला, पण मागे, भिंतीशी उभा राहिला. माती टाकायला पुढे झाला तेव्हा लोकांनी त्याला वाट दिली. ती वाट जरा जास्तच रुंद होती. कार्मिन रडली नाही. फादरांची प्रार्थना संपल्यावर तिने इनेझकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते इनेझला कळलं नाही, पण तिने ते आपल्याला हवं तसं लावून घेतलं.

साडेपाचला टोप घेऊन ती धाकट्या घराच्या पायरीवर आली. आत पंधरा-वीस माणसं होती, सगळी उपाशी, कोणाच्या हातात चहाचा कप नव्हता. डायना सासरहून आली होती. तिने पुढे होऊन टोप धरला आणि हळूच म्हणाली, "ये काकी. मी केटररला सांगणार होते, पण मम्मी नको म्हणाली. थोरली येईल म्हणाली."

थोरली येईल म्हणाली! म्हणजे बारा वर्षं झावळ्यांच्या वईपलीकडेही ती थोरलीच होती. तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही.

कार्मिन भिंतीशी चटईवर बसली होती. इनेझ कष्टाने तिच्यासमोर बसली, पान सोडलं, वाटीत शिकरण घेतलं. पिवळसर, दाट, गुळाचा वास असलेलं. कार्मिनने चमचा हातात घेतला.

"केळी कुठली?"

"वाडीची. आईच्या हातच्या बेटाची."

कार्मिनने मान हलवली. "नारळ कुठला?"

"वाडीचा."

"पाणी कुठलं?"

इनेझचं तोंड "घ" म्हणायला उघडलं आणि तसंच राहिलं. विकतच्या पाण्याचा निळा जार तिच्या डोळ्यांसमोर आला. सकाळपासून तिने केळ्यांचा विचार केला होता, नारळाचा केला होता, गुळाच्या खड्यांचा केला होता. पाण्याचा विचारच मनात आला नव्हता. आधीच्या तीन वेळा तो कधी करावाच लागला नव्हता. पायरी उतरून कळशी बुडवली की पाणी.

घरचं म्हणून मोकळी झाली असती तर कोण तपासायला येणार होतं? पण समोर कार्मिन होती. तिच्याशी एक खोटं बारा वर्षं चाललं होतं, दुसरं जिभेवर येईना.

"जारचं," इनेझ म्हणाली.

कार्मिन चमच्याकडे बघत म्हणाली, "त्यालाही शेवटी जारचंच दिलं. शुक्रवारपासून एकच सांगत होता, बावखलाचं पाणी आण गो घोटभर. कुठून आणू? डायनाने जारचं ग्लासात ओतलं आणि बावखलाचं म्हणून पाजलं. त्याने ओळखलं. पण प्यायला."

"कार्मिन," इनेझ म्हणाली, आणि जे चमच्यानंतर सांगायचं होतं ते चमच्याआधीच बाहेर पडलं. "एडवर्डचा दोष नव्हता गो. त्याने मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं."

"ठाऊक आहे."

इनेझने मान वर केली.

"एडवर्डभाऊंनी जन्मात स्वतःच्या डोक्याने काही केलंय का?" कार्मिनचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "डंपर आले त्याच दिवशी आम्हाला कळलं. जॅक्सन म्हणाला, वहिनी येईल आणि सांगेल. तिच्या मनात राहायचं नाही. पहिलं वर्ष रोज म्हणायचा. आजारी पडल्यावर परत म्हणायला लागला. तू डबा घेऊन फाटकाशी आलीस ना दोनदा, तो खिडकीतून बघत होता. दुसऱ्या वेळी तर मला म्हणाला, दार उघडं ठेव, आज येतेय. तू मागे फिरलीस. बैल गेला नि झोपा केला, बाय. आज तू कोणाला सांगतेस?"

तिने चमचा वाटीत ठेवला. वाजणारही नाही इतका हळू. वाटी उचलून इनेझच्या बाजूला सरकवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "डायना, चूल पेटव. सगळ्यांना चहा टाक."

डायना आईकडे बघत उभी राहिली. "मम्मी, आधी ते..."

"चहा टाक म्हटलं ना."

आत लायटरचा टिचटिच आवाज झाला. त्या घराण्यात मयताच्या दिवशी शिकरणाआधी चूल पेटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. थोड्या वेळाने चहा आला, सगळ्यांना आला, इनेझलाही आला. बाहेरच्या बाईला देतात तसा, कपबशीतून, बिस्किटासकट. तिने तो घेतला. न घेऊन सांगते कोणाला?

टोप घेऊन ती निघाली तेव्हा कोणी अडवलं नाही. पुढच्या वाटेने जायची तिला हिंमत झाली नाही. भरला टोप परत चाललेला आळीने बघितला असता. ती मागच्या बाजूने, जुन्या बावखलाच्या कडेने गेली. कार्मिनच्या बाजूचा अर्धा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता, तळाला भेगा, कडेला इनेझच्याच बंगल्याच्या राबिटाचे तुकडे घसरून आलेले. ज्या पायरीवर दोघी कपडे धूत ती पायरी अजून शाबूत होती. इनेझ तिच्यावर बसली आणि टोप त्या खड्ड्यात रिता केला. शिकरण भेगांमध्ये उतरत गेलं. किती तरी दिवसांनी त्या तळाला ओल लागली.

ती रडली, पण जॅक्सनसाठी की स्वतःसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणखी एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. त्या घराण्यात आता पुढची पाळी एडवर्डची, कार्मिनची नाहीतर तिची स्वतःचीच होती. तेव्हा शिकरण कोण करणार, आणि करून कोणाला देणार?

घरी आली तेव्हा एडवर्ड व्हरांड्यातच बसला होता. त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग टोपाकडे. टोप रिकामा होता.

"खाल्लं तिने?"

इनेझने मान हलवली. हो की नाही, ते त्यातून कळण्यासारखं नव्हतं, पण एडवर्डला रिकामा टोप पुरेसा होता. कित्येक वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो खुर्चीत मागे टेकला.

"बघ," तो म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? माणसं विसरतात गो. पाण्यावरून कोणी जन्मभर धरून बसत नाही. उद्या मी जाऊन येतो, कार्मिनला भेटतो. आता काही हरकत नाही ना?"

इनेझने आत जाऊन टोप मोरीत ठेवला. नळाला पाणी नव्हतं. ओट्याखालच्या जारमधून तांब्याभर घेतलं आणि टोप घासायला बसली.